५७६ मिनिटं

पाच वर्षांत चार नोकऱ्या आणि आता फ्रीलान्सिंग. माझा सीव्ही बघून पुण्यातली दोस्तमंडळी म्हणतात, ‘‘सही! काय ग्रोथ आहे यार!’’ मूर्तिजापूरला घरी गेले की बाबा विचारतात, ‘‘सध्या कुठी हायेस व? मागच्या खेपेचंच हाय का बदललं?’’

यंदा दिवाळीत गेले तेव्हा बॅगेत फराळासाठी रिकामे डबे होते आणि डोक्यावर डेडलाइन. विषय होता, वर्षानुवर्षं एकाच कामात टिकलेला माणूस. आणि गंमत म्हणजे, इनबॉक्समध्ये पाचव्या नोकरीची ऑफर पडलेली! सहज बाबांना विचारलं, ‘‘असं कुणी आठवतं का हो?’’

‘‘ब्रह्मानंद,’’ बाबा लगेच म्हणाले.

‘‘कोणते स्वामी?’’

‘‘स्वामी नाई व. गोली! गोव्याचा. ब्रह्मानंद शंखवाळकर.’’

आता कबूल करायला हरकत नाही. मी मासकॉमवाली, पण भारतीय फुटबॉल म्हटलं की माझी गाडी बायचुंग भुतिया आणि सुनील छेत्री या दोन स्टेशनांच्या पुढे जात नाही. दोघंही गोल मारणारे. गोल अडवणाऱ्या एकाचंही नाव मला येत नव्हतं.

बाबांनी जुनी ट्रंक उघडून पेपरचं एक पिवळं कात्रण काढलं. हवेत आडवा झालेला माणूस, बोटांच्या टोकाशी बॉल. १९८४ मध्ये बाबा कॉलेजच्या टीमचे गोली होते. उंच आहे म्हणून गोलपोस्टमध्ये उभं केलेले. तेव्हापासून हे कात्रण जपलेलं, आणि मला पत्ताच नाही.

शंखवाळकरांचा जन्म १९५४ चा, पणजीला लागून असलेल्या ताळगावातला. क्लब साळगावकर. सत्तरच्या दशकाच्या मध्यात ते भारताच्या संघात आले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत खेळले. वाचायला सोपं वाटतं, पण जरा विचार करा. बाकी खेळाडूंसाठी टीममध्ये दहा जागा असतात, गोलीची एकच. पहिला गोली फिट असला, की दुसऱ्याने बेंचवर बसायचं. त्यात त्या काळात समोर बंगालचे भास्कर गांगुली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये तेच गोली आणि तेच कॅप्टन. आपण काय केलं असतं? तिसऱ्या महिन्यात सीव्ही अपडेट केला असता! शंखवाळकर टिकले. १९८३ ते १९८६ या काळात भारताची कॅप्टनशिप त्यांच्याकडे होती. गोली कॅप्टन म्हणून नाकं मुरडू नका. इटलीच्या दिनो झॉफने १९८२ चा वर्ल्ड कप चाळिसाव्या वर्षी, गोली आणि कॅप्टन म्हणूनच उचलला होता.

संतोष ट्रॉफी गोव्याने १९८२-८३ मध्ये बंगालसोबत वाटून घेतली आणि पुढच्या सीझनला एकट्याने जिंकली. त्या दिवसांत शंखवाळकरांनी सलग ५७६ मिनिटं एकही गोल होऊ दिला नाही. नव्वदने भागून बघा. सहा मॅचेस संपल्या आणि सातवीचा हाफटाइम जवळ आला, तरी जाळं कोरंच!

आणि कौतुक? अर्जुन पुरस्कार १९९७ चा. गोव्याच्या फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिलाच, पण कॅप्टनशिप संपून अकरा वर्षं झाल्यावर. पद्मश्री २०२२ मध्ये, वयाची सदुसष्टी उलटल्यावर. इथे आपलं अप्रेझल सहा महिने लांबलं तर झोप उडते.

‘‘फॉरवर्डनं दहा चान्स घालवले अन् एक मारला तं हिरो,’’ बाबा सांगत होते. ‘‘गोलीनं दहा अडवले अन् एक सोडला तं...’’ वाक्य अर्धंच सोडून त्यांनी चिवड्याची प्लेट पुढे केली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘‘सांधेवाल्याचंही तसंच. चुकला तरच पेपरात नाव येते.’’

बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. म्हणजे सांधेवाला. मूर्तिजापूर जंक्शनवर तेहतीस वर्षं, मुंबई-हावडा लाइनवर ऊन-पाऊस-रात्रपाळी. अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला तेव्हा धावायची. ती थांबूनही आता बरीच वर्षं झाली. रिटायर झाले त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि एक ग्रुप फोटो. बास.

आणि मी? बावीस वर्षांची असताना, पहिला पगार हातात आल्याच्या तोऱ्यात त्यांना ऐकवलं होतं, ‘‘तुम्हाला भुसावळला जायचा चान्स होता ना? इथेच अडकून पडलात. काही अँबिशनच नाही.’’ ते काही बोलले नव्हते. ड्यूटीचा डबा उचलून निघून गेले होते. त्यानंतर हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. मी विसरलेय असं मला वाटत होतं.

त्या रात्री कात्रण परत ट्रंकेत ठेवताना विचारलं, ‘‘बाबा, तेहतीस वर्षांत तुमच्या हातून एकदाही चूक झाली नाही?’’

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

‘‘तुले कधी आयकू आलं काय?’’

‘सॉरी’ घशापर्यंत आलं होतं. पण आमच्या घरात तो शब्द वापरायची पद्धत नाही. मी म्हटलं, ‘‘चहा टाकू का?’’ ते म्हणाले, ‘‘टाक. साखर कमी.’’

ऑफर अजून इनबॉक्समध्येच आहे. कदाचित घेईनही, ईएमआय काही शंखवाळकर भरणार नाहीत! फक्त यावेळी जिथे जाईन तिथे कुणी टाळ्या वाजवण्याची वाट न बघता आधी नीट उभी राहीन म्हणते. निदान ५७६ मिनिटं तरी.