हिंदूरावची टेकडी आणि पडलेली मोटारसायकल

दिल्लीत रिक्षात बसून नुसतं 'हिंदूराव' म्हणू नका. बाडा हिंदूराव ही सदर बाजाराजवळची गजबजलेली वस्ती आहे. हिंदूराव रुग्णालय तिथून थोडं दूर, उत्तर दिल्लीच्या टेकडीवर आहे. या टेकडीला दिल्लीकर 'रिज' म्हणतात. आपल्याला जायचंय तिथे. पुलबंगश किंवा तीस हजारी मेट्रो स्टेशनवर उतरलात की पुढे रिक्षा मिळते.

हे हिंदूराव आपलेच, कागलच्या घाटगे घराण्यातले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे ते भाऊ. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर १८३५ मध्ये मारला गेला, त्यानंतर टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५७ मध्ये दिल्लीला वेढा पडला तेव्हा ते हयात नव्हते, पण त्यांच्या बंगल्यात इंग्रज फौजेचं मुख्य ठाणं होतं आणि तोफगोळ्यांनी बंगल्याची चाळण झाली. पुढे या जागी रुग्णालय आलं. आज ते दिल्ली महानगरपालिका चालवते. कोल्हापूरकडच्या माणसाचं नाव दिल्लीत रोज हजारो लोक घेतात, तेही दुखलंखुपलं की.

पाच तुकड्यांचा खांब

रुग्णालयाजवळच रस्त्याकडेला सम्राट अशोकाचा दगडी स्तंभ आहे. हा मूळचा मेरठचा. फिरोजशाह तुघलकाने तो चौदाव्या शतकात इथे आणवला. त्यानेच आणलेला दुसरा अशोकस्तंभ फिरोजशाह कोटल्यात आहे. तो कसा आणला याचं वर्णन त्या काळच्या इतिहासकाराने करून ठेवलंय. खांबाला बोरू आणि कातडी गुंडाळली, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला आणि मग यमुनेतून नावांवर घालून नेला.

टेकडीवरच्या खांबाचं नशीब मात्र वेगळं. १७१३ ते १७१९ च्या दरम्यान जवळच्या दारूकोठाराचा स्फोट झाला आणि खांब पडून त्याचे पाच तुकडे झाले. दीडशे वर्षांनी, १८६७ मध्ये, ते जोडून तो पुन्हा उभा केला. चौथऱ्यावरच्या पाटीवर ही हकिगत कोरलेली आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना खांबावरचे सांधे शोधायला सांगा. लपवलेले नाहीत, लगेच सापडतात.

आता मोटारसायकलकडे

या टेकडीच्या एका अंगाला दिल्ली विद्यापीठ आहे. आणखी थोडं पुढे मुखर्जीनगर. स्पर्धा परीक्षांसाठी आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे खोल्या घेऊन राहतात. काहींची गाडी गावाहून रेल्वेच्या पार्सलने येते. टाकीतलं पेट्रोल काढायचं, गवत आणि गोणपाट गुंडाळायचं आणि पार्सल ऑफिसात द्यायची. सहाशे वर्षांत गुंडाळण्याची पद्धत फार बदललेली नाही!

समजा, तुमचा मुलगा त्यांतलाच एक. गाडी एमएच ०९ पाटीची, वडिलांनी नऊ वर्षं वापरलेली. रिजवर माकडं पुष्कळ. एक आडवं आलं, ब्रेक दाबला, गाडी घसरली. फोनवर आधी "गाडी राहू दे, तुला कुठं लागलंय का?" आणि मग रात्रभर घरात एकच विषय: दुरुस्त करायची की मोडीत काढायची? वडिलांचा जीव गाडीत, आईचा मुलात. आणि मुलगा सांगतोय, "काही झालं नाही, नुसतं खरचटलंय."

इथे तो खांब आठवा. पाच तुकडे जोडून तो उभा राहिला, कारण त्याला फक्त उभं राहायचं आहे. मोटारसायकलला उभं राहून चालत नाही. तिला खड्ड्यातून जायचं असतं, वळायचं असतं, बसच्या मागे कचकन थांबायचं असतं. म्हणून 'ही जोडता येईल का?' एवढाच प्रश्न पुरत नाही. 'जोडल्यावर हिच्यावर कोण बसणार आहे?' हेही विचारावं लागतं.

आधी हे बघा

गाडी सपाट जागेवर उभी करा आणि मागे उभं राहून बघा. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत? पुढचं चाक सरळ असताना हँडल तिरकं दिसतंय? हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडखळल्याशिवाय फिरतंय? पुढचा ब्रेक दाबून शॉकअप खाली-वर करा. मध्येच अडकतोय का, तेल झिरपतंय का? चाक उचलून फिरवा, रिम डुलते का पाहा. टाकीखाली, जिथे हँडलचा दांडा चेसिसमध्ये शिरतो, तिथे टॉर्च मारा. रंगाला तडा किंवा पापुद्रा दिसला तर गाडी बंद ठेवा आणि मेकॅनिककडे टेम्पोतून न्या.

आता वर्गवारी करा. इंडिकेटर, आरसा, फुटरेस्ट, क्लच-ब्रेकचे लिव्हर हे बदलायचे भाग. फार खर्च नाही. वाकलेला लिव्हर मात्र सरळ करून वापरू नका, तो ऐन वेळी मोडतो. टाकीचा पोचा आणि ओरखडे हे सांध्यांसारखे. दिसू द्या, पैसे वाचवा. शॉकअपचा पाइप, रिम, ब्रेक, बेअरिंग यांत तडजोड नाही. आणि चेसिसच्या मानेला तडा असेल तर 'वेल्डिंग मारून देतो' म्हणणाऱ्याला हात जोडा. ती गाडी खांबासारखी उभी राहील, पण तिच्यावर मुलाला बसवू नका.

हेल्मेट आपटलं असेल तर बाहेरून कसंही दिसो, नवीन घ्या. आतला थर्मोकॉलचा थर एकदाच दबून डोकं वाचवतो.

सुट्या भागांसाठी करोलबागेत जावं लागेल. तिथला नाईवाला भाग दुचाकींच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. सोमवारी बाजार बंद असतो. कंपनीचा भाग आणि लोकल भाग यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. आरसा लोकल चालेल. ब्रेकचा भाग कंपनीचाच घ्या.

हिशेब कागदावर मांडा

विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीचा खर्च आपल्यालाच. पूर्ण विमा असेल तर दुरुस्तीआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काही खोलू नका. झीरो डेप नसेल तर प्लास्टिक-रबराच्या भागांवर निम्मी कपात होते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर चाळीस टक्के.

उदाहरण घ्या. प्लास्टिकचे २,००० रुपये, धातूच्या भागांचे ४,०००, मजुरी १,५००. बिल ७,५०० रुपये. त्यातले अनुक्रमे १,०००, २,४०० आणि १,५०० विमा देईल, म्हणजे ४,९००. त्यातून सक्तीची १०० रुपयांची वजावट. हातात ४,८००. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. तो आकडा पॉलिसीवर बघा आणि शेजारी लिहा. किरकोळ बिलासाठी क्लेम न केलेलाच बरा, मोठ्यासाठी जरूर करा. दुरुस्तीचा खर्च विम्यात लिहिलेल्या किमतीच्या म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते.

दिल्लीत आणखी एक रकाना वाढवा: गाडीचं वय. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या दिल्ली परिसरात चालवण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे या आदेशांत फेरफार होत आले आहेत, म्हणून खर्चाआधी आजचा नियम पाहून घ्या. नऊ वर्षांच्या गाडीला वेळ आहे. चौदा वर्षांची असेल तर दिल्लीत मोठा खर्च करण्यापेक्षा ती गावी परत पाठवणं शहाणपणाचं. आणि परराज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथली नोंदणी घ्यावी लागते, त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी लागते. हा खर्चही याच कागदावर येऊ द्या.

मोडीत काढायचं ठरलं तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द करा. नाहीतर गाडी गेली तरी नाव तुमचंच राहतं.

ठरवायचं कोणी?

वडिलांनी एकट्याने नाही आणि मुलाने एकट्याने नाही. मेकॅनिकला व्हिडिओ कॉलवर घ्या, चेसिसची मान दाखवायला सांगा आणि सगळ्यांनी बघा. सरळ निघाली तर आमच्या मते दुरुस्त करा. परीक्षा जवळ आलेल्या मुलाला नव्या गाडीच्या हप्त्याची काळजी नको. टाकीचा पोचा तसाच राहू दे. मान वाकलेली निघाली तर गाडीचा एखादा फोटो घरात लावा आणि मुलाला मेट्रोचं कार्ड घेऊन द्या.

पुढच्या वेळी मुलाला भेटायला दिल्लीला जाल तेव्हा लाल किल्ल्यानंतर एक सकाळ या टेकडीसाठी ठेवा. रुग्णालयाच्या आवारात फिरोजशाहच्या काळची पीर गायब नावाची दुमजली वास्तू आहे, जुनी पायऱ्यांची विहीर आहे. खाण्याचं काही हातात ठेवू नका, माकडं सोडत नाहीत. आणि गाडीवरून जाणार असाल तर वेग कमी ठेवा.