लंगड्या वकिलाचे चाळीस एकर

लिंकनचं नाव आपण शाळेत घोकलं. थॅडियस स्टीव्हन्सचं कुणी सांगितलं नाही. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या लोकांतला हा एक. तेव्हा तो मरून पाच वर्षं झाली होती.

१७९२ साली व्हरमाँटमधल्या गरीब घरात जन्म. एक पाय जन्मापासून वाकडा. बाप घर टाकून गेला. आईनं राबराब राबून शिकवलं. वकील झाला आणि पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला दुकान थाटलं. दुकानच म्हणतो मी. कारण १८२१ साली ह्याच वकिलानं गुलाममालकाचं वकीलपत्र घेतलं. चॅरिटी बटलर ही बाई आपलं स्वातंत्र्य मागत होती, ती हरली. हे झाकायचं कशाला? आपल्याला नवा देव बसवायचा नाहीय.

पुढं हाच माणूस पळून आलेल्या गुलामांच्या बाजूनं कोर्टात उभा राहू लागला. १८३३ ला राज्याच्या विधिमंडळात गेला. १८३४ ला तिथं मोफत शाळांचा कायदा झाला. लगेच कर भरणारे बोंबलले, दुसऱ्याच्या पोरांसाठी आमचा पैसा का? कायदा रद्द होणारच होता. १८३५ ला स्टीव्हन्सनं भाषण ठोकलं आणि कायदा वाचला. मग १८३८ च्या राज्यघटनेत मतदाराच्या आधी 'गोरा' हा शब्द घुसडला. एकच शब्द, पण हजारो काळ्यांचं मत गेलं. ह्यानं त्या घटनेवर सहीच केली नाही.

१८४९ ला तो वॉशिंग्टनच्या काँग्रेसात गेला. यादवी युद्धात सरकारी खर्चाच्या किल्ल्या त्याच्या समितीकडं होत्या. १८६३ ला दक्षिणेच्या फौजेनं त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला. म्हातारा नमला नाही. १८६५ ला गुलामी घटनेतूनच गेली.

पण नुसतं मोकळं करून काय होतं? गुलाम सुटला, जमीन मालकाचीच राहिली. मग तो पोटासाठी त्याच वावरात वाकणार. सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरला स्टीव्हन्सनं हिशेबच मांडला. दोनशे एकरांवर जमीन असलेले सत्तर हजारांच्या आसपास बंडखोर. त्यांची जमीन काढून घ्या, सुटलेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्या. (बायांचं नाव नाही, हेही लक्षात ठेवा.) त्याच्याच पक्षातले लोक बिचकले. गुलामी नको म्हणणाऱ्यांनाही मालमत्तेला हात लावायचा नव्हता. आपल्याकडं दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन तर जप्त जमिनी जुन्या मालकांना परत देत सुटला. १८६८ ला त्याच्यावर महाभियोग चालला तेव्हा स्टीव्हन्स इतका खंगलेला, की त्याला खुर्चीवरून उचलून सभागृहात न्यायचे. जॉन्सन एका मतानं वाचला.

ऑगस्ट १८६८ मध्ये स्टीव्हन्स गेला. काळ्यांना मज्जाव असलेल्या दफनभूमीत पुरून घ्यायचं नाही हे त्यानं आधीच ठरवलं होतं. लँकेस्टरमधल्या एका लहान दफनभूमीत रंग विचारत नव्हते. तो तिथं आहे. तिथंच का, हेही त्यानं दगडावर कोरून घेतलंय.