गव्हर्नरची खुर्ची आणि 'आपला माणूस'

मेक्सिकोतल्या राज्यांच्या गव्हर्नरांबद्दल लिहायचे म्हटले की आमचा वाचक सर्वप्रथम राजभवन, हिरवळ आणि शपथविधी डोळ्यांसमोर आणणार. ते चित्र आधी पुसून टाकू. आपल्याकडचा राज्यपाल वरून नेमला जातो. मेक्सिकोत 31 राज्ये आहेत आणि प्रत्येकाचा गव्हर्नर लोक थेट मतदानाने निवडतात, सहा वर्षांसाठी. म्हणजे आपल्या हिशेबाने तो मुख्यमंत्रीच. पोलीस, तिजोरी, शाळा, बदल्या, सगळे त्याच्या हातात. आपल्या संविधान सभेतही राज्यपाल निवडून आणावा की नेमावा यावर 1949 मध्ये वाद झाला होता. बाबासाहेबांनी तेव्हा स्पष्ट भूमिका घेतली की राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने करण्यासारखे काम उरलेलेच नाही, मग त्याच्यासाठी निवडणुकीचा खर्च कशाला? मेक्सिकोच्या गव्हर्नराकडे मात्र कामही आहे आणि सत्ताही. म्हणूनच ही खुर्ची अभ्यासण्यासारखी आहे.

दर वर्षी 21 मार्चला आमच्या ग्रुपवर बेनितो हुआरेस यांचा फोटो फिरतो. त्यांच्या या जन्मदिवसानिमित्त मेक्सिकोत राष्ट्रीय सुटी असते. फोटोखाली कुणीतरी लिहितो की हे मेक्सिकोचे आंबेडकर. तुलनेचा मोह आम्ही समजू शकतो. 1806 साली ओआहाका राज्यातल्या डोंगराळ गेलाताओ गावात झापोटेक आदिवासी कुटुंबात जन्म. तीन वर्षांचे असताना आईवडील गेले. बाराव्या वर्षी हा मुलगा डोंगर उतरून पायी शहरात आला तेव्हा त्याला स्पॅनिश धड येत नव्हते. बहीण एका श्रीमंताघरी कामाला होती, तिच्या आसऱ्याने राहिला. पुढे वकील झाला आणि 1847 मध्ये त्याच ओआहाकाचा गव्हर्नर झाला. नंतर राष्ट्राध्यक्ष. 1855 मध्ये न्यायमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कायद्याने पाद्री आणि लष्करी अधिकारी यांच्या खास न्यायालयांचे विशेषाधिकार छाटले गेले. ज्या समाजात पुरोहितावर खटला चालवायचा तर तो पुरोहितांच्याच कोर्टात, तिथे हे किती मोठे काम होते हे मनुस्मृती वाचलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पण फोटोखाली एक गोष्ट कधी लिहिलेली नसते. गव्हर्नर असतानाच, 1850 मध्ये, हुआरेस यांनी हुचितान या गावावर सैन्य पाठवले. हुचितानचे लोकही झापोटेकच. भांडण जमिनीचे आणि मिठागरांचे होते. ज्या मिठावर गाव पिढ्यान्‌पिढ्या जगत आले, ते खाजगी मालकाच्या ताब्यात गेले आणि गाव हे मानायला तयार नव्हते. त्या मोहिमेत गावाचा मोठा भाग आगीत जळाला. गव्हर्नर झापोटेक, जळणारी घरे झापोटेक, आणि कायदा मालकाच्या बाजूने. पुढे 1856 मध्ये हुआरेस ज्या उदारमतवादी पक्षाचे होते त्या पक्षाच्या सरकारने जमिनीचा कायदा केला. चर्चच्या अफाट जमिनी बाजारात याव्यात हा हेतू. परंतु त्याच कायद्याने गावांच्या सामूहिक जमिनीही मोडीत निघाल्या, आणि त्या कोणाच्या घशात गेल्या असतील हे महार वतनाच्या आणि गायरानाच्या जमिनींचा इतिहास माहीत असलेल्यांनी ओळखावे.

हुआरेस यांना खलनायक ठरवायचा आमचा हेतू नाही. ते प्रामाणिक होते. त्यांची अडचण अशी की त्यांनी व्यक्तीचे हक्क पाहिले, समूहाची जमीन पाहिली नाही. कायद्यापुढे सगळे समान झाले की आदिवासी आपोआप उभा राहील असे त्यांना वाटले. बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' लिहिताना नेमके हेच मानायला नकार दिला होता. शेतजमीन राज्याच्या मालकीची करा आणि ती कायद्याच्या मर्जीवर सोडू नका, संविधानातच लिहा, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून 'मेक्सिकोचे आंबेडकर' ही उपाधी आम्हाला अडते.

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो त्यातल्या एका वस्तीत राखीव वॉर्डातून आपलाच माणूस निवडून आला. मिरवणूक निघाली, निळा गुलाल उधळला गेला, आम्हीही नाचलो. दोन वर्षांनी त्याच वस्तीला अतिक्रमणाच्या नोटिसा आल्या तेव्हा साहेबांचा फोन लागेना. बाया विचारत होत्या, "दादा, आपला माणूस असून असं कसं?" समाजशास्त्राचा एम.ए. आमच्याकडे होता, पण उत्तर सांगताना जीभ जड झाली. त्यांना तिकीट देणारा वेगळा होता, आणि साहेब त्याचे देणे लागत होते. पुणे कराराने राखीव जागा दिल्या, पण त्या जागेवरचा माणूस कुणाच्या मतांवर उभा राहणार, हा घोळ 1932 पासून तसाच आहे.

मेक्सिकोत हा घोळ आणखी उघडा दिसतो. पोर्फिरिओ दिआस हेही ओआहाकाचेच, आई मिश्तेक आदिवासी. 1876 ते 1911 या काळात, मधली चार वर्षे सोडली तर, सत्ता त्यांच्याकडे होती. राज्याराज्यांत त्यांच्या मर्जीतले गव्हर्नर पुन्हापुन्हा 'निवडून' येत. उत्तरेत सोनोरात राफाएल इसाबाल गव्हर्नर असताना याकी आदिवासींना पकडून आगबोटीने आणि पायी दूर युकातानला पाठवले जात होते. तिकडे युकातानात ओलेगारिओ मोलिना गव्हर्नर होते, जे स्वतः घायपाताचे बडे मालक आणि निर्यातदार. अमेरिकेतल्या कापणी यंत्रांना पेंढ्या बांधायला सुतळी लागे, ती या घायपाताची. मळ्यावर माया आदिवासी मजूर कर्जात जन्मत आणि कर्जात मरत. आपल्याकडच्या सालगड्याचाच हा मामला, फक्त झाड वेगळे.

ही कर्जगुलामी मोडली ती कोणी? 1915 मध्ये केंद्राने वरून पाठवलेल्या साल्व्हादोर आल्व्हारादो या जनरलने. तो ना माया, ना युकातानचा. त्याने मजुरांची कर्जे रद्द झाल्याचे नुसते कागदावर ठेवले नाही, अंमलात आणले. जानेवारी 1916 मध्ये मेरिदा शहरात त्याच्याच पुढाकाराने स्त्रियांची परिषद भरली. 1922 मध्ये फेलिपे कारिओ पुएर्तो गव्हर्नर झाले. तेही जन्माने माया म्हणावेत असे नव्हते, पण भाषा त्यांना येत होती आणि शपथविधीचे भाषण त्यांनी मायामध्ये केले. आम्हाला इथे थांबावेसे वाटते. ज्या भाषेत मालक फक्त हुकूम आणि शिव्या देत असे, त्या भाषेत राज्याचा प्रमुख बोलतो आहे! त्यांनी जमिनी वाटल्या, गावोगावी मजुरांचे संघ बांधले. त्यांची बहीण एल्व्हिया 1923 मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून गेली, देशपातळीवर स्त्रियांना मतदान मिळायच्या तीस वर्षे आधी. 3 जानेवारी 1924 रोजी बंडखोर सैन्याने फेलिपेंना त्यांच्या तीन भावांसह मेरिदाच्या कब्रस्तानात भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. संघ मोठे होते, पण हातात बंदुका नव्हत्या.

(जाता जाता: त्याच 1924 च्या सुमारास आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर काम करू लागले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ते का नाहीत, हा स्वतंत्र लेखाचा विषय.)

क्रांतीने एक नियम मात्र पक्का दिला. एकदा लोकांनी निवडलेला गव्हर्नर पुन्हा त्या खुर्चीवर कधीही बसू शकत नाही. वाचून आपल्या तोंडाला पाणी सुटते, नाही का? पण व्यवस्था हुशार असते. एकाच पक्षाने देश चालवला आणि गव्हर्नर कोण हे राष्ट्राध्यक्ष ठरवत. पहिला विरोधी पक्षाचा गव्हर्नर बाखा कॅलिफोर्नियात निवडून यायला 1989 उजाडले. पहिली स्त्री, ग्रिसेल्दा आल्व्हारेस, 1979 मध्ये कोलिमाला आली. आणि माणूस परत येत नाही, घराणे येते. मिचोआकानमध्ये लाझारो कार्देनास, मग भाऊ, मग मुलगा, मग नातू, चौघेही गव्हर्नर. लाझारो यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून गरिबांना जमिनी वाटल्या हे खरे, तरीही घराणे ते घराणेच. नातलगाला लगोलग खुर्ची देण्यावर बंदी घालणारी दुरुस्ती 2025 मध्ये झाली, तीसुद्धा लागू 2030 पासून.

गेरेरो राज्याचे उदाहरण घ्या. रुबेन फिगेरोआ बापलेक दोघेही तिथले गव्हर्नर. मुलाच्या कारकिर्दीत, जून 1995 मध्ये, आग्वास ब्लांकास येथे राज्याच्या पोलिसांनी 17 शेतकऱ्यांना गोळ्या घालून मारले. पुढच्या वर्षी त्याला जावे लागले, आणि हंगामी गव्हर्नर म्हणून आंखेल आगिर्रे आले. नियमातली फट अशी की हंगामी माणूस पुढे निवडून येऊ शकतो. आगिर्रे 2011 मध्ये दुसऱ्या पक्षाकडून निवडून आले. सप्टेंबर 2014 मध्ये त्यांच्याच राज्यात आयोत्सिनापाच्या ग्रामीण शिक्षक विद्यालयाची 43 मुले बेपत्ता करण्यात आली. गरीब शेतकऱ्यांची, आदिवासींची, मास्तर व्हायला निघालेली पोरे. महिन्याभरात आगिर्रेंनी खुर्ची सोडली. त्या मुलांचे आईबाप अजून फोटो घेऊन रस्त्यावर उतरतात, आणि त्यांच्या हातातल्या फलकांवर गव्हर्नरकडे केलेली विनंती नसते, मुलांची नावे असतात.

जय भीम.