भाऊच्या धक्क्याहून रेवसला

पणजीच्या धक्क्याला मुंबईची आगबोट लागत असे, त्या दिवसांची आठवण आता आमच्या वयाच्या माणसांपुरतीच उरली आहे. 'रोहिणी', 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ती' ही नावे कानांवर पडली की डेकवर वळकटी टाकून जागा अडवण्याची ती धांदल, मध्यरात्री एखाद्या बंदरात पडावातून हेलकावे खात येणारी माणसे आणि पहाटे दिसू लागणारी मुंबईची किनार, हे सारे आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती वाहतूक थांबली. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली आणि आगबोटीची कोणाला गरजही उरली नाही.

परंतु आमच्या घरात एक व्यक्ती अशी होती की जिने त्या आगबोटीत कधी पाऊलच ठेवले नाही. ती म्हणजे आमची आतेबहीण अक्का. मुंबईस कार्य असले की आम्ही सारे आगबोटीने जात असू आणि अक्का मात्र लोंढा-मिरज-पुणे असा वळसा घालून रेल्वेने येई. तिचे बिऱ्हाड म्हापशास. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि पुढची काही वर्षे पणजी-बेती हा प्रवास फेरीबोटीने करावा लागला. त्या काळात अक्काने पणजीस येणेच सोडले. अटळ प्रसंग आला तर दूरचा वळसा घेऊन येई. नवा पूल १९९२ साली झाला, तेव्हा ती आमच्या घरी आली आणि जणू काल जाऊन आज आली अशा थाटात पाटावर बसली. कोणी कारण विचारले नाही, कारण ते सर्वांना ठाऊक होते.

आत्याबाईंचे सासर अलिबागकडचे. त्यांचे यजमान मुंबईस एका पेढीवर कारकून होते आणि अवसेला, पुनवेला, सणावाराला रेवसच्या बोटीने घरी येत. १७ जुलै १९४७ रोजी ते 'रामदास' बोटीत चढले. आषाढाची अमावास्या होती. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. आत्याबाईंना तेव्हा पाचवा महिना होता. अक्का कार्तिकात जन्मली, आमच्या गोव्याच्या घरी, आजोळी. त्या वेळी गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता, आणि आत्याबाई पुन्हा सासरी गेल्या नाहीत.

'रामदास' सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटली. आत सातशेच्या वर माणसे होती. मुंबई बंदराच्या बाहेर पडल्यावर वारा वाढला, पाऊस कोसळू लागला, आणि काशाच्या खडकाजवळ, ज्याला इंग्रजी नकाशांत गल आयलंड म्हणतात, एका प्रचंड लाटेने बोट एका अंगाला कलंडवली. भयभीत उतारू जीव वाचवण्यासाठी दुसऱ्या अंगाकडे धावले. त्या धावण्यानेच बोटीचा तोल गेला आणि काही मिनिटांत ती पालथी झाली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. म्हणून दहा मैलांवर घडलेली ही गोष्ट मुंबईला दुपार उलटल्यावर कळली, तीही पोहत, तरंगत किनाऱ्याला लागलेल्या काही जणांच्या तोंडून. त्यांत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. सहाशेहून अधिक माणसे गेली. जी वाचली त्यांतली पुष्कळशी रेवस-मांडव्याकडच्या कोळ्यांनी पाण्यातून ओढून काढली. बाजारात न्यायची मासळी समुद्रात ओतून त्यांनी होड्यांत माणसांना जागा केली, असे त्या किनाऱ्यावर अजून सांगतात.

आत्याबाईंच्या यजमानांचे काही मिळाले नाही. ना देह, ना पिशवी, ना छत्री. ते त्या बोटीत होते याचा पुरावा एवढाच, की पेढीवरून निघताना त्यांनी 'रेवस गाठतो' असे सहकाऱ्याला सांगितले होते. आत्याबाईंनी कुंकू केव्हा पुसले, हे आमच्या वडिलांनी आम्हांस कधी सांगितले नाही. एवढे ठाऊक आहे की पुसले ते त्या वर्षी नव्हे.

ही कथा आज सांगण्याचे कारण आमचे चिरंजीव. ते तारवटी आहेत. परदेशी विहारनौकेवर, म्हणजे ज्यांना सर्वत्र क्रूझ म्हणतात अशा जहाजावर, भोजनगृहात काम करतात. गोव्यातल्या कित्येक घरांत असा एक तरी मुलगा असतोच. त्याने ही नोकरी धरली तेव्हा अक्काने आमच्याशी दोन महिने अबोला धरला होता. त्यानंतर तो सुटीवर आला की अक्का त्याला एकच विचारी, "अरे, तुमच्या बोटीत होड्या पुरेशा आहेत ना?"

हा प्रश्न अडाणी नव्हे. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे बावीसशे माणसे होती आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. तो हाहाकार झाला म्हणून १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या कितीतरी आधी, १८८८ च्या नोव्हेंबरात, कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा', जिला गुजरातेत विजेच्या दिव्यांमुळे 'वीजळी' म्हणत, सातशेहून अधिक माणसांसह सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. चौकशीत तिच्यावरची होड्या-जाकिटांची सोय अपुरी ठरली, पण जगाने काही करार केला नाही. आपली माणसे बुडाली की गाणी होतात आणि त्यांची माणसे बुडाली की कायदे, असे चिरंजीव एकदा म्हणाले. आम्हांस ते झोंबले, पण खोडून काढता आले नाही.

चिरंजिवांचे म्हणणे असे की आता होड्यांची वाण नाही, वाण असते ती वेळेची. त्याने 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'ची हकीकत सांगितली. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाच्या अगदी जवळून नेताना तिच्या कप्तानाने ती खडकावर घातली. जहाज २९० मीटर लांब, आत ४२२९ माणसे. समुद्र शांत, किनारा हाकेच्या अंतरावर, होड्या आणि जाकिटे भरपूर. खडक लागला तो पावणेदहाच्या सुमारास. जहाज सोडण्याचा हुकूम निघाला तो तासाभराहून अधिक वेळाने. तोवर जहाज इतके कलले होते की वरच्या अंगाच्या कित्येक होड्या खाली सोडता येईनात. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो उतारूंना जाकीट कोठे आहे, कोणत्या जागी जमायचे, हे अजून दाखवलेलेच नव्हते. नियमाप्रमाणे ते चोवीस तासांत दाखवले तरी चालत असे. ३२ माणसे गेली. कप्तान स्वतः आधीच किनाऱ्यावर पोहोचला होता. पुढे त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. त्या ३२ जणांत एक मुंबईकडचा तरुण होता, जहाजावरचा वाढपी. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात सापडले. हे सांगताना चिरंजीव थोडा वेळ थांबले. नंतर म्हणाले, "आत्या, तेव्हापासून नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून, जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटता क्षणीच सर्व उतारूंना कवायत द्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब. ते ऐकले की हातातले ताट ठेवायचे आणि निघायचे."

अक्काने बोटांवर सात मोजले. "आणि मग आठवा लांब," ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी तिनेच आमच्यापुढे गोष्ट काढली. "मला एकदा रेवसला जायचे आहे. बोटीने." तिला तेव्हा अठ्ठ्याहत्तरावे लागले होते. नेमका तो डिसेंबर २०२४. गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या लाँचीवर नौदलाची एक वेगवान होडी आदळली आणि पंधरा माणसे गेली. चौऱ्याऐंशी उतारूंचा परवाना असलेल्या लाँचीत शंभरावर माणसे होती. आम्हांस वाटले, आता अक्का बेत टाकील. तिने वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि विचारले, "तिकिटे काढलीस का?"

२०२५ च्या जानेवारीत आम्ही उभयता, अक्का आणि सुटीवर आलेले चिरंजीव असे चौघे मुंबईस गेलो. चिरंजिवांनी सुचवले की मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट जाते, ती मोठी आणि स्थिर, म्हाताऱ्या माणसाला सोयीची. अक्का म्हणाली, "त्यांना मांडव्याला नव्हते उतरायचे." 'त्यांना' म्हणजे ज्यांना तिने कधी पाहिले नाही त्या वडिलांना.

भाऊचा धक्का पाहण्यास अजिबात रमणीय नाही. मासळीच्या टोपल्या, बर्फाच्या लाद्या, डिझेलचा वास, आणि त्यांतून वाट काढणारे उतारू. एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य नावाच्या गृहस्थाने मुंबईत उतारूंसाठी धक्का बांधला, त्यांचे नाव इतक्या वर्षांनी टिकून आहे. ज्या शहरात रस्त्यांची नावे दर पिढीला बदलतात तेथे हे थोडे नव्हे. पायऱ्या ओल्या होत्या. एका खलाशाने अक्काचा हात धरून तिला लाँचीत घेतले आणि सर्वांना नारिंगी जाकिटे वाटली. बहुतेकांनी ती मांडीवर घेतली. एकाने तर बसायला घेतली. अक्काने अंगात चढवले आणि तिन्ही बंद बांधले. ते बरोबर बसले की नाही, हे चिरंजिवांनी खांद्याशी दोन बोटे घालून पाहिले. आम्हीही मग मुकाट्याने बांधले. शेजारच्या बाई आम्हांकडे पाहून हसल्या.

डावीकडे घारापुरी मागे पडली, पुढे करंज्याचा डोंगर दिसू लागला. पाणी मातकट आणि शांत होते. हिवाळ्यात या बंदरात पांढऱ्या समुद्रपक्ष्यांचे थवे उतरतात आणि लाँचीबरोबर उडत राहतात. उतारू त्यांना शेव, कुरमुरे असे काही उडवतात, आणि पक्षी ते हवेतच टिपतात. मौज असते, नाही म्हणवत नाही. एका मुलाने आरोळी ठोकली, आणि पाहता पाहता अर्धी लाँच उजव्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. लाँच त्या अंगाला किंचित झुकली. अगदी किंचित. इतर कोणाच्या ते लक्षातही आले नसेल. अक्काने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

चिरंजीव उठले. आरडाओरडा न करता ते कठड्याशी गेले आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगू लागले, "काका, अर्धे जण पलीकडे या. पक्षी तिकडेही आहेत." एक गृहस्थ चिडले. "साहेब, समुद्र बघा कसा आहे, काय होणार आहे?" चिरंजीव म्हणाले, "काही होणार नाही. तरी या." तो स्वर आमच्या घरात आम्ही कधी ऐकला नव्हता. तो त्याच्या नोकरीतला असावा. सुकाणूवरच्या तांडेलानेही मागे वळून एक हाक दिली, आणि लोक कुरकुरत का होईना, पांगले. लाँच सरळ झाली.

त्यानंतर तांडेलास आम्ही काशाचा खडक कोठे, असे विचारले. त्याने मान न वळवता नैर्ऋत्येकडे हात केला. तेथे उन्हात चकाकणाऱ्या पाण्याशिवाय काही दिसले नाही. "रामदास?" त्याने विचारले. आम्ही होकार दिला. "आमच्या आज्याने काढली होती माणसं," तो म्हणाला. "आषाढात आम्ही होडी लोटत नाही. नारळी पुनवेआधी दर्या कोणाचा नसतो. पण कंपनीची बोट होती, तिला कोण सांगणार?"

अक्काने पिशवीतून नारळ काढला. तो तिने म्हापशाहून आणला होता, हे आम्हांसही ठाऊक नव्हते. ती उठू लागली तशी चिरंजिवांनी तिला एका हाताने धरले आणि कठड्याशी नेले. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचे चार जण कुतूहलाने इकडे येऊ लागले. अक्का त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तिकडेच बसा हो. मी एकटी पुरे आहे." ते खरोखरच बसले. तिने नारळ फेकला नाही, वाकून पाण्यात सोडला. तो एकदा बुडाला आणि मागे वर आला, लाँचीच्या पाण्याबरोबर हेलकावत राहिला. तिने काही म्हटले असेल तर इंजिनाच्या आवाजात आम्हांस ऐकू आले नाही.

रेवसचा धक्का आला तेव्हा लोक दोर बांधण्याआधीच उड्या मारून उतरू लागले. अक्का बसून राहिली. दोर बांधला, फळी टाकली, मग तिने जाकिटाचे बंद सोडले, लुगड्याची घडी घालावी तसे ते नीट घडी घालून खलाशाच्या हाती दिले आणि फळीवरून उतरली. धक्क्यावर चहाची टपरी होती. तिने चहा घेतला, दुसराही घेतला. मग चिरंजिवांना विचारले, "परतीची लाँच किती वाजता रे?"