गेम खंय पावलो?

बाजारात गेलो की हल्ली हा प्रश्न ठरलेला. मासळी घेताना, एसटी स्टँडवर, देवळात आरती झाल्यावर. "भाच्याचो तुझ्या गेम खंय पावलो?" पहिल्या वर्षी यात कौतुक होतं. मग थट्टा आली. परवा एकाने सरळच विचारलं, "पोरांनी पैशे खाल्ल्यांनी काय रे?" प्रत्येकाला रस्त्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. लांबलचक होईल, पण पैसे तुमचेही आहेत, तेव्हा वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र कुडाळात एका भाड्याच्या खोलीत कॉम्प्युटर गेम बनवतायत. विषय आपली रापण. वारा बघायचा, पाण्याचा रंग बघायचा, माणसं गोळा करायची, दोर ओढायचा आणि शेवटी वाटे घालायचे. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी लोकवर्गणीच्या एका वेबसाइटवर मोहीम लावली. सहा लाख मागितले, चार लाख दहा हजार जमले. देणारे दोनशेच्या वर, त्यातले निम्मे आपल्याच गावचे नाहीतर मुंबईचे चाकरमानी. कोणी पाचशे दिले, कोणी दहा हजार. मीही दिले. गेम २०२४ च्या दिवाळीत हातात मिळणार होता. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मला तीन फोन आले. "बंदी इली ना त्येच्यार?" अरे बाबांनो, ती रमी आणि तसल्या ॲपवर. हा गोष्टीसारखा गेम आहे, एकदा विकत घ्यायचा आणि खेळायचा. पण आपल्याकडे 'पोरगा गेमिंगमध्ये आहे' म्हटलं की लोकांना जुगारच आठवतो. मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तर काय सांगायचं, या चिंतेत माझी बहीण आहे तो वेगळाच विषय.

आता हिशोब. चार लाख दहा हजारांतून वेबसाइटचं कमिशन, पैसे वळते करायचा खर्च वजा जाऊन हातात आले साधारण तीन लाख ऐंशी हजार. एक बरा कॉम्प्युटर नव्वद हजार. संगीत आणि आवाज रेकॉर्ड करायला चाळीस हजार. राहिले अडीच लाख. तीन पोरांनी महिन्याला बारा बारा हजार घ्यायचे ठरवलं, म्हणजे महिना छत्तीस हजार. भागाकार करून बघा, सात महिनेसुद्धा पुरत नाहीत. आणि असा गेम बनायला दोन-तीन वर्षं लागतात. बारा हजारांत कुडाळात भाडं, जेवण आणि पेट्रोल भागवून दाखवा, मग कोणी पैसे खाल्ले ते बोलू.

मग जास्त का नाही मागितले? हाच या सगळ्या धंद्याचा पेच आहे. खरा आकडा सांगितला तर लोक घाबरतात, कमी सांगितला तर काम अडतं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण घ्या. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' नावाचा गेम. राजी नावाची मुलगी पळवून नेलेल्या आपल्या भावाला शोधायला निघते, राजस्थानी महाल, दुर्गामाता, असुर. २०१७ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टर या परदेशी साइटवर एक लाख वीस हजार पौंड मागितले, म्हणजे साधारण एक कोटी रुपये. किकस्टार्टरचा नियम असा की ठरलेला आकडा गाठला तरच पैसे मिळतात, एक पौंड कमी पडला तरी शून्य. आकडा गाठला नाही. मिळाले शून्य. स्टुडिओ चालू ठेवायला संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. पुढे एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीचं अनुदान मिळालं, मग प्रकाशक मिळाला, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम बाहेर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन. बक्षीस दुसऱ्याला गेलं, पण पुण्यातला गेम त्या यादीत होता. फ्लॅट विकलेला कोणाला दिसत नाही, नामांकन दिसतं.

बरं, पैसे भरपूर मिळाले म्हणून वेळेवर होतं असंही नाही. अमेरिकेत डबल फाइन नावाच्या नामवंत कंपनीने २०१२ मध्ये चार लाख डॉलर मागितले आणि जमले तेहतीस लाखांवर. सत्त्याऐंशी हजार लोकांनी दिले. गेम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येणार होता. पैसे वाढले तसा गेमही वाढवला, मग पैसे परत कमी पडले. अर्धा गेम २०१४ च्या जानेवारीत आला, उरलेला २०१५ च्या एप्रिलमध्ये. 'स्टार सिटिझन' तर २०१२ पासून पैसे गोळा करतोय, २०१४ ला येणार होता, अजून पुरा नाही. (आणि आपला मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून चाललाय. तिथे आपण "खंय पावलो" विचारायचंसुद्धा सोडून दिलं.)

उशीर का होतो ते मी पोरांच्या खोलीत बसून बघितलंय. किनाऱ्यावर होडी बांधताना निदान सांगाडा दिसतो, फळ्या कुठवर आल्या ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. इथे काहीच दिसत नाही. दोर ओढायचा एकच प्रसंग त्यांनी चार वेळा मोडून परत बनवला, कारण ओढताना वजन जाणवत नव्हतं. माझ्या मोबाइलवर चालतं ते दुसऱ्याच्या जुन्या मोबाइलवर बंद पडतं. पावसाळ्यात लाईट गेली की दिवस गेला. एका पोराने घरच्यांच्या दडपणाने गोव्यात नोकरी धरली, तो आता फक्त रात्री काम करतो.

तुम्ही म्हणाल, मग प्रकाशक गाठा. तो मिळतोही. पण आंबा बागायतदारांना हे समजावून सांगायला नको. वाशीचा दलाल मोहोराच्या आधी उचल देतो, पेट्या देतो, आणि मग माल त्यालाच घालावा लागतो. पट्टी येते तेव्हा आधी त्याची उचल कापलेली, मग हमाली, मग कमिशन, मग आपण. प्रकाशकाचंही तसंच, आगाऊ दिलेली रक्कम वसूल झाल्यावर बनवणाऱ्याचा वाटा सुरू. त्याआधी स्टीमसारखं ऑनलाइन दुकान विक्रीतले तीस टक्के घेतं. तीनशेच्या गेममधले नव्वद तिथेच गेले.

मला यातली मोठी खोच वेगळीच वाटते. रापणीत दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. जाळं रिकामं आलं तर सगळेच रिकामे घरी जातात, आणि कोणी कोणाला चोर म्हणत नाही, कारण जाळं सगळ्यांसमोर वाळूवर आलेलं असतं. या ऑनलाइन वर्गणीत देणाऱ्याचा वाटा नाही. गेमची एक प्रत आणि शेवटी नावांच्या यादीत नाव, बस्स. तरी धोका त्याच्या माथी. मग निदान जाळं तरी समोर ओढायला हवं ना? देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी घेतली की सभामंडपात हिशोब वाचतात, सिमेंटच्या गोणीपासून. आमच्या पोरांनी आठ महिने एक ओळ लिहिली नाही. लाज वाटत होती म्हणे. इथे मी त्यांच्या बाजूने बोलणार नाही. उशीर मी समजून घेईन, आठ महिन्यांचं मौन नाही.

आणि सरकार. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठी धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंत ३,२६८ कोटींचं. छान. पण त्यातले दहा लाख फोंडा घाट उतरून खाली येतील का? मोठी पार्कं मुंबई-पुण्यात बांधा, हरकत नाही. तीन पोरांच्या खोलीला पाच-दहा लाखांचं अनुदान, टप्प्याटप्प्याने, काम बघून आणि वेळेवर, एवढी सोय जिल्ह्याच्या पातळीवर झाली तर फ्लॅट विकायची वेळ येणार नाही. राजीमधली गोष्ट सांगायला त्या लोकांनी सावल्यांच्या बाहुल्यांची शैली वापरली. आपल्या पिंगुळीत ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून नाचवतोय, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कुडाळच्या त्या खोलीपासून पिंगुळी किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. इथला माल, इथली पोरं, आणि पैशासाठी मात्र अनोळखी वेबसाइटवर हात पसरायचा.

गेल्या रविवारी तिघांना समोर बसवून वही काढली. गेमच्या पाच भागांपैकी तीन पुरे आहेत, मी खेळून बघितले. वाटे घालायचा भाग तर असा जमलाय की माझे काका, जे आयुष्यभर रापणीवर होते, ते "ह्येका कमी दिलंस" म्हणून स्क्रीनशी भांडले. उरलेल्या दोन भागांना आणखी दीड-दोन लाख लागतील. त्यासाठी परत वर्गणी मागायची नाही, असं तिघांनी कबूल केलंय, बाहेरची छोटी कामं घेऊन ते उभे करणार. तारीख मी त्यांना देऊ दिली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काय झालं आणि किती खर्च झाला ते लिहायचं, एवढं ठरलं.

ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी मला फोन करा, कोणी रागावणार नाही. एकदम जमणार नाही, हप्त्याने देतील. वहीची झेरॉक्स माझ्याकडे आहे, शिमग्याला गावात येणाऱ्यांनी घरी येऊन बघावी, मुंबईकरांना फोटो पाठवतो.