डालडा, तूप आणि नानखटाई

थंडी पडली की दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात नानखटाईची हातगाडी लागते. खाली शेगडी, झाकणावर निखारे आणि मधे तव्यावर तडकत फुलणाऱ्या खटाया. वेलची आणि भाजल्या बेसनाचा वासच गिऱ्हाईक खेचून आणतो. मी इथे घरून नानखटाई करून विकते, आणि या पदार्थाची याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही.

तिचं मूळ सुरतेत सांगतात. डच निघून गेल्यावर त्यांची भट्टी दोटीवाला या पारशी कुटुंबाने चालवली, तिथून नानखटाई पसरली आणि आपल्या दिवाळीच्या फराळात येऊन बसली. घरोघरी ओव्हन नव्हते; बायका गोळे वळून पत्रे बेकरीत भाजायला पाठवत.

मोठी जाहिरात झाली ती तिच्यातल्या स्निग्ध पदार्थाची. डालडा हे वनस्पती तूप 1937 मध्ये बाजारात आलं. लिंटास या जाहिरात संस्थेने त्याच्यासाठी सिनेमागृहांत छोटे चित्रपट दाखवले, डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यांवर फिरवली, लोकांना वास घेऊन, चाखून बघता येईल असे स्टॉल लावले. पुढे कित्येक घरांत नानखटाईच्या कृतीत तुपाच्या जागी सरळ ‘डालडा’ आलं.

त्यात सगळी जाहिरातीचीच करामत नव्हती. वनस्पती तूप उन्हाळ्यातही साजूक तुपापेक्षा घट्ट राहतं. पिठीसाखरेबरोबर फेसताना त्यात हवा धरली जाते आणि खटाई खुसखुशीत होते. साजूक तूप मे महिन्यात दिल्लीत पातळ होतं, मग खटाई पत्र्यावर पसरते. म्हणून उन्हाळ्यात मी तूप आधी फ्रीजमध्ये थिजवते. मग पिठीसाखर घालून परातीत तळहाताने फेसत राहते, पांढरंशुभ्र होईपर्यंत. थेंब पाण्यावर तरंगला की मगच मैदा, बेसन, थोडा रवा. दूध किंवा पाणी नाही. ओल आली की तडे नीट जात नाहीत. भट्टीतून मऊ असतानाच काढायची, कडक ती निवल्यावर होते.

‘आईच्या हातची चव हवी,’ असं म्हणणाऱ्या साठीतल्या मावशींना बहुतेकदा डालड्याचीच चव आठवत असते. ती आठवण मी खोटी मानत नाही. 2022 पासून वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा घाबरवायचंही कारण नाही. पण चव माझ्यासाठी साजूक तुपातच आहे. म्हणून मावशींना एक खटाई हातावर ठेवते, तुपाचा भाव सांगते, आणि पाव किलो घ्यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडते.