खंडेराव मार्केटातील मावठे

वडोदऱ्यास राजवाड्याच्या रस्त्याने जाताना समोर घुमट आणि कमानी दिसू लागल्या, की हा दुसरा राजवाडाच असावा, असे नवख्यास वाटते. जवळ जावे तो कोथिंबिरीचा वास येतो! श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी आपल्या कारभारास 25 वर्षे झाल्याच्या निमित्ताने 1906 साली ही वास्तू उभारली व तिला खंडेराव महाराजांचे नाव दिले. ज्या खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा विणविला, त्यांचे नाव आज वांग्या-भोपळ्यांच्या राशींवर मिरवत आहे. आम्हांस गालिच्यापेक्षा हाच मान मोठा वाटतो. दर्शनी भागात महापालिकेच्या कचेऱ्या आहेत. मागे भाजी, फळे आणि फुले.

2023 च्या नोव्हेंबरअखेरीस आठवडाभर आमचा मुक्काम येथे होता, आणि सकाळचा बाजारहाट आम्ही हौसेने पत्करला होता. प्रारंभी हवा कोरडी व सुखद होती. वालपापडी, ओल्या तुरीच्या शेंगा, पातीचा लसूण असा उंधियोचा सारा सरंजाम मांडलेला. येथे मराठी माणसाने एक जपावे : रताळू मागितले, तर हाती जांभळा कंद येतो, आपल्या रताळ्यास हे लोक शक्करिया म्हणतात. प्रबोधिनी एकादशी 23 तारखेस होऊन गेल्याने लग्नसराई उघडली होती व झेंडूच्या राशी माणसाच्या कमरेपर्यंत चढल्या होत्या.

शनिवारी वारा फिरला. पहाटेचा गारवा नाहीसा झाला, अंगास दमटपणा जाणवू लागला, आणि रात्री चंद्राभोवती खळे पडले. एक वृद्ध फूलवाली आकाशाकडे पाहून म्हणाली, “साहेब, मावठुं आवशे.” अवकाळी पावसाचे हे गुजराती नाव. माघातील वृष्टी, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. येथे तर अजून कार्तिकही सरला नव्हता.

वेधशाळा ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणते, तो भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानावरून हिंदुस्थानात येतो. एरवी त्याचा पाऊस नि बर्फ उत्तरेस पडतो. गुजरातेस थंडी तेवढी पोहोचते. या खेपेस मात्र अरबी समुद्रावरून सौराष्ट्राकडे ओलसर वारे चढत होते. वरची थंड हवा आणि खालची दमट हवा यांची गाठ पडली व रविवारी, 26 तारखेस, मेघगर्जनेसह पाऊस कोसळला. सुरत, खेडा, भरूच आदी जिल्ह्यांत काही ठिकाणी सोळा तासांत 50 ते 117 मिलिमीटर पाणी पडले. राजकोट-मोरबीकडे गारा पडल्या.

मंडईत ज्यांच्या डोक्यावर छप्पर होते, त्यांचे निभावले. रस्त्याकडेस पथारी मांडणाऱ्यांची त्रेधा उडाली. आमच्या फूलवालीने एकुलते एक प्लास्टिकचे कापड झेंडूवर पसरले आणि आपण भिजत उभी राहिली. फुले तरी वाचली नाहीत. झेंडू पाणी धरतो, जड होतो आणि राशीच्या पोटात काळा पडतो. मेथीचेही तेच. दुपारी पडेल त्या भावाने विक्री चालली होती; आणि खेदाने लिहावे लागते, की घासाघीस करणारे तेव्हाही होतेच.

सायंकाळी बातम्या आल्या, त्यांपुढे फुलांचे नुकसान काहीच नव्हे. राज्यात वीज पडून व वादळात वीसहून अधिक माणसे दगावली होती. त्याच दिवशी निफाडकडे गारांनी द्राक्षबागा झोडपल्या.

दुसऱ्या दिवशी गावाकडून भाजी घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यास आम्ही विचारले. तो म्हणाला, गव्हा-हरभऱ्यास हे पाणी मानवेल. पण वेचणीस आलेला कापूस भिजून पिवळा पडेल, आणि तुरीचा फुलोरा गळाला. त्याच्या एका शेतात हरभरा होता, दुसऱ्यात कापूस. त्याने हिशेब मांडला नाही. आम्हीही पुढे विचारले नाही.

मग वारा उत्तरेकडे वळला. पहाटे धुके, नंतर बोचरी थंडी. मंडईत शाली नि कानटोप्या दिसू लागल्या. शेतांत चिखल असल्याने भाजीची आवक घटली व मेथीची जुडी दुप्पट भावाने गेली, परंतु तो लाभ ज्यांची मेथी रविवारी सडली त्यांच्या पदरी पडला नाही. निघण्याच्या सकाळी फूलवाली आपल्या जागी होती. या वेळी टोपली एकच, आणि झेंडू उसना आणलेला. प्लास्टिकचे कापड तिने घडी करून बैठकीखाली ठेवले होते.